ओल्यातच बघायचं

पहिल्या चाचणीत तीसपैकी अकरा.
दहावीला मी तालुक्यात तिसरी होते,
धोपाव्याच्या जेटीवर अजून फ्लेक्स आहे,
त्यातला माझा एक डोळा वाऱ्याने नेलाय.
पेपर चार घड्या घालून
कंपासपेटीत कोंबला. झाकण लागेना.

अभ्यास केला नव्हता असं नाही.
पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या होत्या
इतक्या, की रंगवायची राहिलेली ओळच
उठून दिसायची.
रात्री दीडपर्यंत दिवा, पुस्तक आणि मी,
तिघं जागे.
शिकत मात्र कुणीच नव्हतं.

खांबेटे मॅडम म्हणाल्या, पुस्तक मिटून सांग.
मी मिटलं.
आतलं सगळं आतच राहिलं.

त्या संध्याकाळी बाबा जेटीवर जाळं बघत बसलेले,
नुकतं उतरवलेलं, पाणी गळणारं.
उद्या करा की, दमलात, म्हटलं.
मान वर न करता म्हणाले,
सुकलं की गोळा होतं गो, भोक दिसत नाय.
ओल्यातच बघायचं.
त्यांना माझ्या अकराचं काही माहीत नव्हतं.

तेव्हापासून परतीच्या फेरीबोटीत
मी वही उघडत नाही.
दाभोळ सुटल्यापासून धोपावे लागेपर्यंत
एका कोऱ्या कागदावर
आज वर्गात काय झालं ते आठवायचं.
पहिल्या दिवशी तारीख लिहिली,
खाली 'पेशी', आणि पुढे
नुसती खाडी.
दुसऱ्या दिवशी साडेतीन ओळी.
जिथे भोक, तिथे पेन्सिलीने गोल.

तो गोल घेऊन सकाळी पहिल्या बाकावर बसायचं.
मॅडम, हे मला कळलं नाही,
एवढं म्हणताना जीभ किती जड होते
ते नाझनीन होडेकरला विचारा,
तिने मागून माझी ओढणी खेचली होती,
बस गं खाली.
आठ दिवसांनी तीच उभी राहिली.
तिचा गोल माझ्यापेक्षा मोठा निघाला.

मोबाईल रात्री तांदळाच्या डब्यात जातो.
आई म्हणते, भात वाजतोय बघ.
दहाला झोपते मी आता,
आणि परवाचं आज, आजचं रविवारी
पुन्हा स्वतःला विचारते.
तेच तेच काय गो, असं आई म्हणते खरी,
पण ओहोटीला गेलेलं पाणी परत आलं की
तीच आधी होड्या बघायला धावते.

परवा बोटीत नाझनीनने विचारलं,
ऑस्मॉसिस म्हणजे?
मी सुरू केलं, सेमीपर्मिएबल मेम्ब्रेन...
आणि अडकले.
शेजारी बर्फाच्या टेम्पोतून पाणी ठिबकत होतं,
एक बाळ रडत होतं, मी अडकलेलीच.
तिकिटं फाडणारा अंकुश
पंधरा दिवस आमचं ऐकून कावलेला,
म्हणाला, अगो, बांगड्याला मीठ लावलं की
पाणी सुटतं ना?
मीठ जिकडं जास्त, पाणी तिकडं.
कातडीतनं.
ह्यात पाठ काय करायचंय?

नाझनीन इतकी हसली की बाळ गप्प झालं.
मला हसू येईना.
दर रविवारी आत्यासोबत
बांगड्यांना मीठ मीच लावते.
नखांत अजून होतं.

दुसरी चाचणी सोमवारी आहे.
किती पडतील, खरंच माहीत नाही.
तो अकराचा पेपर काढला, उलगडला,
कोऱ्या बाजूला बांगडा काढला,
पोटातून बाहेर येणारे बाण काढले,
अंकुशला दाखवला.
त्याने कागद लांब धरला, जवळ धरला.
मग म्हणाला, बरा काढलास.
पण कातडी पाण्यालाच कशी सोडते गो?
रगताला का नाय?

तेवढ्यात धक्का लागला, साखळी खडखडली,
तो दोर टाकायला पळाला.
हे वहीत नव्हतं.
मी पेन्सिल शोधली
आणि बांगड्याभोवती गोल काढला.